दुर्बिणीतून गाठ काढणार म्हणतात, पण बाहेर कशी काढणार ते आधी विचारा

"गाठ दुर्बिणीतून सोडवू आणि पिशवीत घालून काढू," माझ्या जाऊबाईंच्या अंडाशयावरच्या गाठीबद्दल डॉक्टर एवढंच बोलले आणि माझ्या सासूबाईंनी तिथेच डोळ्याला पदर लावला. बाहेर आल्यावर कळलं की त्यांनी "पिशवी काढू" असं ऐकलं होतं. आपल्याकडे पिशवी म्हटलं की गर्भपिशवीच, दुसरं काही डोक्यात येतच नाही. डॉक्टर बोलत होते ती प्लास्टिकसारखी असते, पोटाच्या आत उघडतात, गाठ तिच्यात टाकतात, तोंड आवळतात आणि मग बाहेर ओढतात. एंडोबॅग म्हणतात तिला. हा गोंधळ आमच्या घरात दोन दिवस चालला म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढावं, कारण मला आता असं वाटतं की या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती पिशवीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही. सगळे विचारतात भोकं किती, टाके किती, डाग राहील का.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, नाशिकला इंदिरानगरात राहते. पण तीन ऑपरेशनं जवळून बघितली. माझं स्वतःचं डर्मॉइडचं (अंडाशयातली साधी गाठ, आत चरबी आणि केस असतात), पंधरा वर्षांपूर्वी, पोट उघडून. मैत्रिणीच्या मुलीचं ब्रॉड लिगामेंट फायब्रॉइडचं, म्हणजे गर्भाशयाच्या बाजूच्या पडद्यात वाढलेल्या साध्या गाठीचं. आणि गेल्या जानेवारीत माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, ज्यांना आम्ही ताई म्हणतो, त्या पिंपळगाव बसवंतला असतात, वय ४६, उजव्या अंडाशयावर ९ सेंटीमीटरची टणक गाठ. शेवटी निघाली फायब्रोमा, म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली, पण सहसा न दिसणारी. डर्मॉइड तसं कॉमन आहे, फायब्रोमा आणि ब्रॉड लिगामेंटवाली गाठ कमी दिसते, आणि कमी दिसते म्हणूनच गोंधळ होतो, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

आधी रिपोर्ट समजून घ्या

ताईंना त्रास काय होता तर पोट जड वाटायचं आणि लघवीला सारखं जावं लागायचं, बस. गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली, त्यात "सॉलिड ॲडनेक्सल मास" (गर्भाशयाच्या बाजूला, अंडाशयाच्या भागात भरीव गाठ) आलं आणि सोबत सीए-१२५ ची रक्त तपासणी, अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय असला की करतात ती, ती आली ६८. नॉर्मल ३५ च्या आत. झालं, घरात रडारड. दादांनी, म्हणजे ताईंच्या मिस्टरांनी, रात्री अकराला फोन केला की उद्याच मुंबईला न्यायचं का.

तर पहिली गोष्ट, सीए-१२५ वाढलं म्हणजे कॅन्सर असं नाही. पाळी चालू असताना वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, फायब्रॉइडमध्ये वाढू शकतं, आणि आपल्या देशात पोटाच्या टीबीमध्ये चांगलंच वाढतं. त्यामुळे एकतर पाळीच्या दिवसांत ही टेस्ट करू नका आणि दुसरं म्हणजे नुसत्या त्या आकड्यावर झोप घालवू नका.

डॉक्टर एक साधा गुणाकार करतात, तो मला दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर करून दाखवला आणि मला फार आवडला कारण बँकेतल्या माणसाला आकडा दिसला की बरं वाटतं. सोनोग्राफीत पाच गोष्टी बघायच्या, गाठीत बरेच कप्पे आहेत का, घट्ट भाग आहे का, दोन्ही बाजूला आहे का, पोटात पाणी आहे का, दुसरीकडे कुठे पसरल्यासारखं दिसतं का. एकही नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. हे दोन आकडे आणि सीए-१२५ यांचा गुणाकार. २०० च्या वर गेला तर कॅन्सरच्या सर्जनला दाखवायचं. ताईंचं झालं १ × १ × ६८, म्हणजे ६८. पण गंमत बघा, तीच गाठ, तीच ताई, फक्त पाळी गेलेली असती आणि पोटात थोडं पाणी असतं तर ३ × ३ × ६८ म्हणजे ६१२. आणि फायब्रोमामध्ये पोटात पाणी होऊ शकतं! कधी कधी पोटात पाणी आणि छातीतही, बहुतेक उजव्या बाजूला, याला मेग्स सिंड्रोम म्हणतात, अमेरिकेतल्या मेग्स नावाच्या डॉक्टरांनी १९३७ मध्ये अशा केसेस मांडल्या, आणि गाठ काढली की ते पाणी आपोआप जातं. म्हणजे मोठा आकडा आला तर योग्य माणसाकडे जायचं, एवढाच त्याचा अर्थ.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हल्ली ओ-रॅड्स असा स्कोअर पण लिहितात. २ म्हणजे जवळजवळ नक्की साधी, ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता १० टक्क्यांच्या आत, ४ म्हणजे १० ते ५०, ५ म्हणजे ५० च्या वर. लिहिलेला नसेल तर सोनोग्राफीवाल्यांना विचारा, देतात. बाकी रिपोर्टमध्ये गाठीच्या मागे सावली पडते आणि आत रक्तप्रवाह नाही असं असेल तर चांगलं, गाठ वेडीवाकडी, पोटात पाणी आणि रक्तप्रवाह भरपूर असं असेल तर सावध.

सॉलिड गाठ असेल तर एमआरआय करून घ्याच असं मी म्हणेन. पैसे जातात, पण फायब्रोमा तंतूंचा बनलेला असल्यामुळे एमआरआयवर काळा दिसतो आणि बघणारा अनुभवी असेल तर बऱ्यापैकी ठाम सांगतो. ब्रॉड लिगामेंटच्या गाठीत तर एमआरआयशिवाय पुढे जाऊच नये, मैत्रिणीच्या मुलीची गाठ दोन सोनोग्राफीत अंडाशयाची म्हणून लिहिली होती आणि एमआरआयमध्ये कळलं की ती गर्भाशयाच्या बाजूच्या पडद्यात वाढलेली फायब्रॉइड आहे आणि मूत्रनळी (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी) एका बाजूला ढकलली गेलीय. मूत्रनळी कुठे आहे हे माहीत नसताना कात्री चालवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. या केसमध्ये किडनी सुजलीय का ते पण बघून घ्यायचं.

मुलगी तिशीच्या आतली असेल तर सीए-१२५ सोबत एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तपासण्या पण सांगतात, कारण त्या वयात होणाऱ्या गाठी वेगळ्या असतात. तरुण मुलीला दोन्ही बाजूंना कॅल्शियम साचलेले फायब्रोमा निघाले तर गॉर्लिन सिंड्रोम नावाचा अनुवंशिक आजार आहे का ते बघावं लागतं, पण ते फारच विरळा.

थांबायचं की लगेच करायचं

दादांचं म्हणणं, "माल निघू दे, मग बघू." डिसेंबरचा शेवट होता, द्राक्षाची बाग तोडणीला आलेली, त्यांचंही चुकत नव्हतं. ताईंचं पण तेच, बायका स्वतःचं दुखणं नेहमीच तोडणीनंतर ठेवतात. डॉक्टर म्हणाले दोन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही, पण सहा महिने नको, आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, ही गाठ अंडाशयाला धरून लोंबकळते, जड असते, त्यामुळे देठाला पीळ बसू शकतो. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि सोबत उलटी झाली तर गॅस झाला म्हणून ओवा खात बसायचं नाही, तासाभरात हॉस्पिटल गाठायचं. पिंपळगावहून नाशिक हायवेने लांब नाही, पण रात्री दोनला गाडी कोण काढणार हे आधी ठरवून ठेवा. आम्ही ठरवलं होतं, पुतण्या. गरज पडली नाही.

डॉक्टर निवडताना

पहिल्या ठिकाणी (नाव घेत नाही) पाच मिनिटांत सांगितलं, "वय ४६ झालंय, मुलं झालीत, पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढून टाकू, टेन्शनच नको." तुम्हाला पण असं सांगतील, तर तिथेच हो म्हणू नका. पाळी जायच्या आधी दोन्ही अंडाशय काढले तर एका रात्रीत मेनोपॉज येतो, अंगाची आग, झोप नाही, पुढे हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका वाढतो. कधी कधी ते करावंच लागतं, पण एका बाजूच्या साध्या गाठीसाठी दुसऱ्या बाजूचं चांगलं अंडाशय आणि गर्भाशय कशाला? तरुण मुलीत तर नुसती गाठ सोलून काढून अंडाशय वाचवता येतं. आम्ही दुसरं मत घेतलं, गंगापूर रोडला, आणि तिथे खालचे प्रश्न विचारले. मी मोबाइलमध्ये लिहून नेले होते, डॉक्टर हसले पण सगळ्यांची उत्तरं दिली, आणि जे डॉक्टर अशा प्रश्नांवर चिडतात त्यांच्याकडून मी तरी ऑपरेशन करणार नाही.

गाठ बाहेर कशी काढणार? हा पहिला. डर्मॉइड किंवा पाण्याची गाठ असेल तर पिशवीत टाकून आतलं पाणी ओढून घेता येतं आणि लहान भोकातून चोळामोळा करून निघते. फायब्रोमाचं तसं नाही, ती भरीव असते, कापली तर आतून पांढरी, तंतूंचे भोवरे दिसतात. ९ सेंटीमीटरची भरीव वस्तू १ सेंटीमीटरच्या भोकातून कशी येईल? तर तीन रस्ते आहेत. बेंबीचं किंवा खालचं एक भोक ३-४ सेंटीमीटर मोठं करायचं, पिशवीचं तोंड बाहेर काढायचं आणि पिशवीच्या आतच सुरीने गाठीच्या फोडी करून काढायच्या, संत्र्याचं साल एकसलग सोलतात ना साधारण तसं. दुसरा, योनीमार्गाने मागच्या बाजूला छेद घेऊन तिथून पिशवी काढायची, पोटावर डाग नाही पण नंतर सहा आठवडे संबंध बंद. तिसरा, मोर्सेलेटर नावाचं मशीन, आत फिरणारं पातं गाठीचे तुकडे करतं.

या तिसऱ्याबद्दल नीट विचारा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एप्रिल २०१४ मध्ये इशारा दिला होता, कारण फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या दर ३५० बायकांमागे एकीत न ओळखलेला सार्कोमा (गर्भाशयाच्या स्नायूंचा कॅन्सर) असू शकतो असा त्यांचा अंदाज होता, आणि मशीनने पोटात तुकडे उडाले की तो पसरतो. २०२० मध्ये त्यांनी पुन्हा सांगितलं, वापरायचंच असेल तर योग्य रुग्ण निवडून आणि बंद पिशवीतच वापरा. आणि कॅन्सर नसला तरी साध्या फायब्रॉइडचे सांडलेले तुकडे पोटात दुसरीकडे रुजून परत वाढतात अशा केसेस आहेत. डर्मॉइड फुटलं तर आतली चरबी आणि केस पोटात सांडून क्वचित जोरदार सूज येते. आणि समजा गाठ साधी वाटली पण सुरुवातीचा अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तर ऑपरेशनमध्ये फुटल्यामुळे स्टेज १ए ची १सी होते, म्हणजे केमो लागण्याची शक्यता वाढते. सगळं एका पिशवीवर येऊन थांबतं. माझ्या डर्मॉइडच्या वेळी पोट उघडलं होतं, आजही पावसाळ्यात तो व्रण खाजतो, पण गाठ अख्खी निघाली होती आणि त्या वेळच्या डॉक्टरांचे मी आभारच मानते.

दुसरा प्रश्न, फ्रोझन सेक्शनची सोय आहे का? म्हणजे गाठ काढली की ओटीतूनच तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो, ते गोठवून बघतात आणि साधारण अर्ध्या तासात सांगतात की साधी दिसते की नाही. शंभर टक्के नसतं पण निर्णयाला उपयोगी. हे प्रत्येक हॉस्पिटलात नसतं, आधी बुक करावं लागतं, ऐनवेळी "आज पॅथॉलॉजिस्ट नाहीत" असं नको. सोय नसेल तर प्रामाणिक उत्तर असतं की फक्त गाठीचं अंडाशय काढू, रिपोर्ट येऊ द्या, गरज लागली तर दुसऱ्यांदा ऑपरेशन. हे उत्तर मला चालतं. "संशय नको म्हणून आत्ताच सगळं काढू" हे चालत नाही.

मग विचारा, अशा भरीव गाठी तुम्ही दुर्बिणीतून काढल्यात का, कॅन्सर निघालाच तर सर्जन कोण येणार, ब्लड बँकेत रक्त राखून ठेवणार का, आणि पोट उघडावं लागलं तर कधी उघडणार. शेवटच्या प्रश्नाला "आम्हाला कधीच उघडावं लागत नाही" असं उत्तर आलं तर मी खुर्चीवरून उठते. दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडणं म्हणजे हार नाही, चिकटलेलं आतडं किंवा न थांबणारं रक्त असेल तर तेच शहाणपण.

पैसे आणि कागद

पॅकेज सांगतात त्यात एंडोबॅग, कापायचं-जाळायचं ते महागडं डिस्पोजेबल, फ्रोझन, बायोप्सी आणि लागलीच तर आयएचसी (बायोप्सीवरची जादा तपासणी) आहे का ते लिहून घ्या, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी बिल फुगतं. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून बघा, साध्या गाठी आणि गर्भाशयाच्या ऑपरेशनला बहुतेक पॉलिसीत वेटिंग पिरियड असतो, बऱ्याच ठिकाणी २४ महिने, आणि एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) जास्तीत जास्त मर्यादा ४८ वरून ३६ महिन्यांवर आणलीय. कॅशलेसची आधीची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असाही २०२४ चाच नियम आहे, तो काउंटरवर शांतपणे सांगा, फरक पडतो.

मेडिक्लेम नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा आणि तुमचं नेमकं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे, आडगावचं मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या गायनॅक ओपीडीला दाखवून मत घ्यायला काहीच हरकत नाही. रांग असते, सकाळी लवकर जा, डबा न्या.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

फिटनेससाठी रक्त, शुगर, ईसीजी, छातीचा एक्सरे, एचआयव्ही-कावीळ वगैरे तपासण्या होतात. भूलतज्ज्ञांना सगळं खरं सांगा, रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, काढे, पुड्या, गावातल्या वैद्याचं चूर्ण, सगळं. आणि आधीची ऑपरेशनं. ताई म्हणाल्या, "माझं काही ऑपरेशन झालेलं नाही." मी म्हटलं अहो शिबिरात झालं ना! कुटुंबनियोजनाचं, दुर्बिणीचंच. त्या ते ऑपरेशन धरतच नव्हत्या. खरं तर आपल्या खेड्यातल्या बायकांना दुर्बीण अजिबात नवीन नाही, शहरातल्या बायकांच्या आधी त्यांनी ती पोटात घेतलीय. सिझर झालं असेल तर तेही सांगायचं, कारण बेंबीखाली आतडं चिकटलेलं असू शकतं आणि मग पहिली सुई बेंबीतून न घालता डाव्या बरगडीखालून घालतात. ती पहिली सुई, व्हेरेस निडल, मूळची टीबीच्या रुग्णांच्या छातीसाठी बनवलेली, हंगेरीच्या डॉक्टरची आयडिया, पोटात गॅस भरायला ती नंतर वापरायला लागले.

आदल्या रात्री हलकं जेवण. ऑपरेशनच्या ६ तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी बहुतेक २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. दूधवाला चहा पाण्यात मोडत नाही! आमच्या शेजारच्या पेशंटने सकाळी "अर्धा कपच" घेतला आणि तिचं ऑपरेशन संध्याकाळवर गेलं. मंगळसूत्र, जोडवी, काचेच्या बांगड्या, नेलपॉलिश सगळं काढावं लागतं, धातूचं आत करंटचं मशीन चालतं म्हणून आणि नेलपॉलिश बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात म्हणून. सासूबाईंना मंगळसूत्राचं पटेना, शेवटी सिस्टरनीच तोडगा काढला, हातात साधा काळा दोरा बांधला. जोडवी घरूनच साबण लावून काढून या, बोटं सुजलेली असतात आणि ऐनवेळी कापावी लागतात.

संमतीपत्र वाचा. मराठीत मागा. त्यात कुठलं अंडाशय, कुठली बाजू, गर्भाशय काढायचं नाही, गरज पडली तर पोट उघडायला परवानगी, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. आम्ही "गर्भाशय काढू नये" हे पेनाने लिहून घेतलं, आणि सासूबाईंना ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा त्यांचं पिशवीचं भूत गेलं.

आत काय होतं

पूर्ण भूल देतात, घशात नळी, त्यामुळे नंतर घसा खवखवतो. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबू करतात, डोकं खाली पाय वर असं टेबल वाकवतात म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि खाली जागा होते. बेंबीत १० मिलिमीटरचं भोक, बाजूला ५ मिलिमीटरची दोन-तीन. आधी सगळं पोट फिरून बघतात, यकृत, आतडी, पडदा, पोटात पाणी असेल तर नमुना घेतात. मग मूत्रनळी शोधायची, मग देठ जाळून कापायचं, गाठ पिशवीत. ताईंचं दीड तासात झालं. ही पद्धत आता इतकी साधी वाटते, पण जर्मनीत कील इथे कुर्ट झेम नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तेव्हा मोठमोठ्या सर्जननी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती.

बाहेर सिस्टर ट्रेमध्ये गाठ आणून दाखवतात. फोटो काढून ठेवा, किळस वाटली तरी. आणि मग डब्याची गोष्ट.

डबा

बऱ्याच हॉस्पिटलांत बायोप्सीचा डबा नातेवाइकांच्या हातात देतात की लॅबला पोचवा. मी तो स्कूटीच्या पायापाशी ठेवून कॅनडा कॉर्नरला घेऊन गेले, वाटेत सिग्नलला हात थरथरत होता. तेव्हा हे बघून घ्या: डब्यावर नाव, वय, तारीख, कुठल्या बाजूचं अंडाशय हे लिहिलंय का. गाठ फॉर्मेलिनमध्ये नीट बुडालीय का, लोणच्यासारखी कोंबलेली नको, औषध भरपूर हवं. अख्खी गाठ दिलीय ना, की एक तुकडा? अख्खी द्यायची, कारण साध्या गाठीच्या एखाद्या कोपऱ्यात वेगळं काही असू शकतं आणि ते शोधणं पॅथॉलॉजिस्टचं काम आहे. फोडी करून काढली असेल तर तसं फॉर्मवर लिहिलेलं हवं. सोबत एमआरआय आणि सीए-१२५ ची झेरॉक्स द्या आणि लॅबची पावती घ्या. डबा घरी नेऊन "उद्या देऊ" नको.

रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो, आयएचसी सांगितलं तर अजून काही दिवस. आयएचसी सांगितलं म्हणजे कॅन्सर निघाला असं नाही, दोन सारख्या दिसणाऱ्या गाठी वेगळ्या ओळखायला करतात.

ऑपरेशननंतर

पहिल्या रात्री ताईंचा पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता आणि दादा घाबरले की हार्टचं काही झालं की काय. पोटातला उरलेला गॅस डायाफ्रामला टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं, एक-दोन दिवसांत जातं, चालल्याने लवकर जातं. त्याच संध्याकाळी उठवून चालवतात, कॅथेटर काढला की लघवी झाली का ते विचारतात. गॅस सरला की निम्मी लढाई जिंकली, लाजायचं काही नाही त्यात. आधी पाणी, मग मऊ खिचडी. तिसऱ्या दिवशी भाच्याने मिसळ आणली होती, ती भाच्यालाच खायला लावली.

घरी एक-दोन दिवसांत सोडतात. पिंपळगावला जाताना गाडीत पोटावर उशी धरून बसवलं, गतिरोधकांना बरी पडते. नंतरचा नियम एकच लक्षात ठेवा, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणं रोज कालपेक्षा कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, पोट फुगलं, उलट्या, १००.४ च्या वर ताप आला, तर आतड्याला इजा झालेली असू शकते आणि ती उशिरा दिसते, त्याच दिवशी हॉस्पिटल, सोमवारची वाट बघू नका. कंबरेच्या बाजूला कळ किंवा खालून पाण्यासारखं गळत राहणं, हे मूत्रनळीचं असू शकतं. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, हेही तसंच तातडीचं.

डॉक्टरांनी ताईंना चार आठवडे पाच किलोच्या वर वजन उचलायचं नाही असं सांगितलं होतं, कारण एक भोक मोठं केलेलं होतं आणि तिथून हर्निया होऊ शकतो. द्राक्षाचा क्रेट वीस किलोचा. म्हणून त्यांना मी सरळ माझ्याकडे इंदिरानगरला ठेवून घेतलं, घरी गेल्या असत्या तर दुसऱ्या आठवड्यात बागेत सापडल्या असत्या. स्कूटी साधारण दोन आठवड्यांनी, पण कसोटी अशी की जोरात ब्रेक मारताना पोटात दुखत नाही ना.

रिपोर्ट आला, "ओव्हेरियन फायब्रोमा, नो मॅलिग्नन्सी". तो घेऊन डॉक्टरांकडे जाच, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विषय संपवू नका. कारण "सेल्युलर" (पेशी दाट) किंवा "मायटोटिकली ॲक्टिव्ह" (पेशी जास्त विभागतायत) असे शब्द असतील तर गाठ साधीच, पण पुढे जास्त वर्षं लक्ष ठेवायला सांगतात. रिपोर्टची मूळ प्रत, एमआरआयची सीडी, ऑपरेशन नोट आणि ब्लॉक नंबर हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात, आणि कधी शंका आलीच तर तेच ब्लॉक आणि स्लाइड घेऊन परळला टाटामध्ये दुसरं मत घेता येतं, पेशंटला न्यावंही लागत नाही.

ताईंची सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली, डावं अंडाशय नॉर्मल, पाळी नियमित. फाइल आमच्याकडेच आहे, कपाटात, सासूबाईंनी तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहिलंय: "पिशवी आहे."